आयुष्यभराच्या कार्बनचा हिशेब

प्रश्न : मी 64 वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे. आजवर माझ्यामुळे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, याचा अंदाज कसा काढावा? गावच्या जमिनीवर झाडे लावून त्याची भरपाई होईल का?

उत्तर : सुरुवात विजेच्या बिलापासून करावी, कारण त्यावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. आपल्याकडे एका युनिटमागे साधारण 0.7 किलो, एक लिटर पेट्रोलमागे 2.3 किलो आणि 14.2 किलोच्या गॅस सिलिंडरमागे सुमारे 42 किलो कार्बन डायऑक्साइड धरावा. घरातील वापर माणसांच्या संख्येने भागावा. जुन्या वर्षांसाठी आजचाच आकडा गुणत बसू नये, कारण स्टोव्ह, सायकल आणि एसटीच्या काळात आपला खर्च निराळाच होता. दहा-दहा वर्षांचे टप्पे पाडून आठवणीने मांडणी केलेली बरी. विमानप्रवास मात्र एकही विसरू नये. भारतात आज दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे 2 टन आहे, त्याच्याशी आपला आकडा ताडून पाहता येईल.

झाडे जरूर लावावीत, पण रोप वाढायला वर्षे लागतात, आणि झाड वाळले, जळले की साठलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. म्हणून पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालणे शक्य असेल तेवढीच, स्थानिक जातींची रोपे लावावीत. माझ्या मते छतावरील सौरऊर्जा अधिक खात्रीची आहे : 1 किलोवॅटचा संच वर्षाला सुमारे 1,400 युनिट देतो, म्हणजे जवळपास 1 टन उत्सर्जन टळते.