वोहरा की व्होरा?

प्रश्न असा आहे: कपूर, भंडारी, व्होरा ही पंजाबी खत्र्यांची आडनावं धंद्यावरून पडली का, आणि खत्री म्हणजे खतावणी लिहिणारा का?

दुसरं आधी. खतावणीचा इथे काही संबंध नाही. खत्री हे ‘क्षत्रिय’चं रूप. क्ष तिकडे ख होतो, आपल्याकडे श: क्षेत्राचं त्यांचं खेत, आपलं शेत, मक्षिकेची त्यांची मक्खी, आपली माशी. खत्री पिढ्यान्‌पिढ्या व्यापार, सावकारी, दिवाणगिरी करत आले (अकबराचा तोडरमल खत्रीच), म्हणून लोक शब्दही चोपडीत शोधतात. क्षत्रियत्वाचा वाद निराळा, शब्दाचं मूळ निराळं.

लोखंडवाला, बाटलीवाला ऐकून सवय झालेले लोक ‘कपूर म्हणजे कापूर विकणारे’ असं बेधडक सांगतात. आधार शून्य. खत्र्यांची बहुतेक आडनावं म्हणजे ‘अल्ल’, कुळाची ओळख. धंदा सांगणारी थोडीच. भंडारी त्यातलं: भांडागारिक, कोठारावरचा अधिकारी. कोकणातल्या भंडाऱ्यांशी गल्लत नको.

खरा ऐवज आहे वोहरा. मूळ ‘व्यवहार’, वोहरा म्हणजे देवघेव करणारा, सावकार. य गळून प्राकृतात ववहार झालं, मग ‘अव’चा ओ झाला, जसं लवणाचं लोण (लोणच्यातलं). वोहर, वोहरा. राजस्थानातला बोहरा, गुजरातेतला वहोरा, पुण्याच्या बोहरी आळीतला बोहरी आणि आपलं मराठी आडनाव व्यवहारे, सगळी एकाच घरची! गुजरातीत वहोरवुं म्हणजे खरेदी करणं, आणि जैन साधू भिक्षा घेतात तेही वहोरणंच.

इथे काही पंडित ‘बहु-राह’, अनेक वाटांचे, अशी फोड करतात. बहु संस्कृत, राह फारसी, आणि हे जोडकाम म्हणे व्युत्पत्ती! पंजाबी नीट ऐका. हिंदी ‘बीस’ला पंजाबीत ‘वीह’ म्हणतात, आपण ‘वीस’. म्हणजे पंजाबी मूळचा व जपते. ‘बहु’पासून निघालं असतं तर तिथे बोहराच ऐकू आलं असतं.

आता लिहिण्याचं. वर्तमानपत्रांतल्या ‘व्होरा’तला ह चुकीच्या जागी आहे. इंग्रजी व्ही दिसला की आपण व्हिडिओ, व्हॅनच्या चालीवर व्ह लिहितो. म्हणजे नसलेला ह घातला आणि ‘व्यवहार’मधला असलेला काढून टाकला. पंजाबी बोलण्यात तो ह स्वतंत्र ऐकू येत नाही, त्याच्याऐवजी ‘वो’वर सूर चढतो, पण गुरुमुखीत तो ‘वो’नंतर लिहितात. मराठीतही वोहराच लिहावं. गुजराती कुटुंब असेल तर वहोरा.