कंपायलर अपडेट केला आणि चालणारं बोर्ड अडकलं: तुमचे प्रश्न

प्रश्न: एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरवर टायमर इंटरप्टमध्ये (टायमरने चालू काम थांबवून चालवलेल्या कोडमध्ये) एक फ्लॅग व्हेरिएबल सेट करतो, मेनमध्ये तो सेट होईपर्यंत व्हाइल लूपमध्ये थांबतो. तीन वर्षं चाललं, जीसीसी कंपायलर अपडेट केल्यापासून बोर्ड तिथेच अडकतं. डीबग बिल्ड मात्र व्यवस्थित चालतं. हा कंपायलरचाच बग ना?

उत्तर: नाही हो. डीबग बिल्ड चालतं म्हणालात, तिथेच कळलं, फ्लॅगला व्होलाटाइल लावलेलं नाहीये, म्हणजे 'ही किंमत बाहेरून बदलू शकते, दरवेळी नव्याने वाच' असं कंपायलरला सांगितलेलं नाही. इंटरप्ट कधी येऊन काय बदलेल हे कंपायलरला कळायला मार्गच नाही, त्याला एवढंच दिसतं की या लूपमध्ये फ्लॅगला कोणी हात लावत नाही, मग तो एकदाच रजिस्टरमध्ये वाचून घेतो आणि त्याच जुन्या किमतीवर फिरत बसतो. डीबग बिल्डमध्ये ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करायची ही काटछाट, बंद असलं की दरवेळी मेमरीतून वाचतो. मग आधी कसं चाललं? लूपमधून दुसऱ्या फाइलमधलं एखादं फंक्शन बोलवत असाल तर त्याच्या आत काय आहे हे कंपायलरला दिसत नव्हतं, त्यामुळे फ्लॅग परत वाचणं भाग होतं. अपडेटसोबत एलटीओ (लिंक करताना सगळ्या फाइल एकत्र बघून केलेलं ऑप्टिमायझेशन) चालू केलं असेल तर आता ते फंक्शनही त्याला दिसतंय.

पण व्होलाटाइल लावलं की झालं असं समजू नका. ८-बिट एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर १६-बिट काउंटर दोन तुकड्यांत वाचला जातो. काउंटर २५५ असताना खालचा बाइट वाचला, तेवढ्यात इंटरप्ट येऊन तो २५६ झाला आणि मग वरचा बाइट वाचला तर हातात येतात ५११! असली चूक महिन्यातून एकदा दिसते आणि जीव खाते. एव्हीआर-लिबसी या लायब्ररीतला अ‍ॅटॉमिक ब्लॉक, जो वाचन पुरं होईपर्यंत इंटरप्ट थांबवतो, त्यासाठीच आहे, वापरा.

प्रश्न: एलसीडीवर कचरा अक्षरं येतायत. डिलेसाठी रिकामा फॉर लूप होता, नवीन कंपायलरने तो उडवला वाटतं.

उत्तर: उडवलाच असणार, आणि त्याला तशी मुभा आहे, कारण रिकाम्या लूपचा प्रोग्रॅमवर काहीच परिणाम नाही आणि वेळ जाणं हा सी भाषेच्या हिशेबात परिणाम धरत नाहीत. काउंटरला व्होलाटाइल लावून लूप टिकेल पण किती वेळ लागेल ते प्रत्येक व्हर्जनला बदलेल. एचडी४४७८० कंट्रोलर चिप असलेल्या एलसीडीला साध्या कमांडला ३७ मायक्रोसेकंद लागतात, स्क्रीन क्लिअर करायला मात्र सुमारे १.५ मिलिसेकंद, म्हणून अंदाजपंचे नको, हार्डवेअर टायमर लावा.

प्रश्न: कोडला हातही लावला नाही तरी जीसीसी अपडेटनंतर लिंकर (ऑब्जेक्ट फाइल जोडणारा प्रोग्रॅम) "मल्टिपल डेफिनिशन" म्हणतो.

उत्तर: जीसीसी १० पासून, म्हणजे २०२० पासून, डिफॉल्ट बदललाय: एकच ग्लोबल व्हेरिएबल अनेक फाइलमध्ये आलं तर आधी ते गुपचूप एक धरलं जायचं, आता ती चूक ठरते. हेडरमध्ये एक्सटर्न ('व्याख्या दुसरीकडे आहे' असं सांगणारा शब्द) न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल ठेवलंय ते शोधा, तिथे एक्सटर्न लिहा आणि खरी व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवा.

प्रश्न: म्हणजे कंपायलर कधीच चुकत नाही? चुकला तर सिद्ध कसं करायचं?

उत्तर: चुकतो की. २००८ मध्ये युटा विद्यापीठाच्या एरिक आयडी आणि जॉन रेगर यांनी १३ कंपायलर व्होलाटाइलवर तपासले, प्रत्येकाने कुठे ना कुठे चुकीचा कोड काढला. तरी आधी स्वतःचा कोड तपासा असंच मी सांगेन. एका प्रोजेक्टमध्ये अपडेटनंतर कॉर्टेक्स-एम० प्रोसेसरवर हार्ड फॉल्ट येत होता, म्हणजे चूक होऊन प्रोसेसर काम सोडत होता, मी दोन दिवस कंपायलरवर संशय घेत बसलो, शेवटी निघालं काय तर यूएआरटीच्या (सिरियल पोर्टच्या) बाइट बफरचा पॉइंटर मी सरळ ३२-बिट पॉइंटरमध्ये कास्ट केला होता. जुन्या बिल्डमध्ये बफर नशिबाने ४ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर बसायचा, नव्यात सरकला, आणि ३२-बिट वाचनासाठी एम० ला ४ ने भाग न जाणारा पत्ता चालतच नाही. कास्टऐवजी बाइट कॉपी करणारं मेमकॉपी फंक्शन लावलं, मिटलं.

सिद्ध करायचं तर कंपायलरला दिलेले ऑप्शन तेच ठेवा, अर्ध्या ऑब्जेक्ट फाइल जुन्या कंपायलरच्या घ्या, अर्ध्या नव्याच्या, लिंक करा, बोर्डवर चालवा, मग परत अर्ध्या करा, असं करत एका फाइलवर याल. तिथून एकेका फंक्शनचं ऑप्टिमायझेशन बंद करून बघा. त्याने बोर्ड चाललं तरी तो पुरावा नाही, ऑब्जडंप या टूलने दोन्ही कंपायलरची असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचना) शेजारी ठेवून वाचायलाच लागते. खरंच चूक दिसली तर वीस-तीस ओळींचं छोटं उदाहरण करून रिपोर्ट करा, आणि दुरुस्त व्हर्जन येईपर्यंत ग्राहकाकडे गेलेल्या बोर्डांचं फर्मवेअर जुन्याच कंपायलरवर बनवा, त्याचा इन्स्टॉलर सोर्ससोबत जपून ठेवलेला असला पाहिजे.