जुन्या घरातलं पाणी पूर्ण बंद करायचं तर मुख्य कॉक कुठे शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात शिवाजी पेठेत जुनं दुमजली घर घेतलंय, बाथरूमचा नळ बदलायचाय, प्लंबर म्हणतोय की आधी पाणी बंद करून ठेवा, आणि मीटरजवळचा कॉक घट्ट फिरवला तरी नळाची धार काही थांबत नाही. तुमचा कॉक बहुतेक चांगला आहे. फक्त तुम्ही दुसऱ्याच पाण्याचा कॉक बंद केलाय.

आपल्याकडच्या घरात एकच पाणी नसतं. एक महापालिकेचं, म्हणजे डायरेक्ट लाइनचं. दुसरं गच्चीवरच्या टाकीचं. सोलर असेल तर तिसरं. पाणी काळम्मावाडी धरणाचं असो नाहीतर पंचगंगा नदीचं, ते आधी शहरातल्या टाक्यांत येतं आणि तिथून चाव्या फिरवून भागाभागात ठरलेल्या वेळी सुटतं. दिवसभर नळाला पाणी नसल्यामुळे प्रत्येक घराने आपापली टाकी केली. त्यामुळे स्वयंपाकघरातला पिण्याचा नळ डायरेक्ट लाइनवर आणि बाथरूम-संडास टाकीवर, अशी जोडणी जुन्या पेठांत घरोघरी दिसेल. मीटरजवळचा कॉक बंद केला की टाकीत नवीन पाणी चढायचं थांबतं. टाकीत आधीच असलेलं पाणी मात्र खाली येतच राहतं.

हे मी अनुभवाने शिकलो. मंगळवार पेठेतलं आमचं घरही जुनंच. एका जानेवारीत सकाळी पावणेसातला आईने बाथरूमचा नळ फिरवला आणि नळ मुळातूनच तुटून तिच्या हातात आला. आटे भिंतीतल्या एल्बोमध्येच, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडातच, राहिले आणि धार सरळ समोरच्या भिंतीवर आदळायला लागली. मी पळत बाहेर गेलो, दारातल्या चेंबरचं झाकण काढलं, कॉक फिरवला आणि आत आलो, तर धार तशीच. मला वाटलं कॉकच खराब झालाय, म्हणून पुन्हा बाहेर जाऊन पान्याने आवळला. इकडे पाणी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात शिरलेलं. आदल्याच दिवशी आणलेलं आजरा घनसाळ तांदळाचं पोतं कोपऱ्यात होतं आणि आई त्याच्यापुढे चादरी टाकून पाणी अडवत होती. शेजारच्या मामांनी खिडकीतून आवाज दिला, "टाकीचं हाय त्ये पाणी! वर जावा, वर!"

वर गेलो, तर टाकीतून चार पाइप निघालेले, चार कॉक, एकावरही खूण नाही. दोन फिरले, त्यांनी काही थांबलं नाही. तिसरा गंजून बसलेला. हजार लिटरची टाकी निम्म्याच्या खाली गेल्यावर मामांनी तो तिसरा कसाबसा फिरवला. पोत्यातला तळचा तांदूळ फुगला होता. तो गच्चीवर चादरीवर पसरला, तरी वास गेला नाही. सकाळच्या त्या अर्ध्या तासाचं मला आजही वाईट वाटतं, कारण एवढी धावपळ करायची गरजच नव्हती. कुठला कॉक कुठला, हे आधी माहीत असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

म्हणून आधी तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं ते ओळखा. नळाला पाणी यायची वेळ टळून गेली की घरातला एकेक नळ उघडून बघा. ज्याला तेव्हाही जोरात पाणी येतं तो टाकीवरचा. जो सुसाट वारा सोडून गप्प बसतो तो डायरेक्ट लाइनचा. तुमच्या वर्णनावरून बाथरूम टाकीवरच आहे. काही घरांत एकाच नळाला दोन्ही लाइनी जोडलेल्या असतात आणि मध्ये एक कॉक असतो. तसं असेल तर दोन्हीकडून बंद करावं लागेल.

आता गच्चीवर जा. टाकीच्या वरच्या अंगाला जो पाइप येतो तो पाणी भरायचा, त्यालाच आत फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा, असतो. तळापासून तीन-चार बोटं वर जे पाइप निघतात ते घरात उतरणारे. अगदी तळाला असतो तो टाकी धुवायचा, त्याला हात लावू नका, नाहीतर सगळी टाकी गच्चीवर रिकामी होईल. उतरणाऱ्या प्रत्येक पाइपवर कॉक असायला हवा. खाली कुणालातरी बाथरूमचा नळ उघडून उभं करा आणि वरून एकेक कॉक बंद करत जा. धार थांबली की हाक मारायला सांगा. मग त्याच क्षणी ऑइलपेंटने पाइपवर लिहा: ‘खालचं बाथरूम’, ‘वरचा संडास’, जे असेल ते. मार्करने लिहू नका, आपल्या पावसात एका मोसमात पुसून जातं.

कॉक दोन प्रकारचे दिसतील. दांडीचा असेल तर तो बॉल व्हॉल्व: दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू, आडवी केली की बंद, पाव फेऱ्यात काम होतं. गोल चाकाचा पितळी असेल तर तो गेट व्हॉल्व: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने बरेच फेरे द्यावे लागतात. जुन्या घरात हाच असतो आणि हाच दगा देतो. वर्षानुवर्षं न फिरवल्याने आतली पट्टी क्षार धरून बसते. अशा कॉकला लांब पाना लावून जोर करू नका, स्पिंडल, म्हणजे चाकाखालचा दांडा, मोडतो आणि मग तो ना उघडत, ना बंद होत. स्पिंडलपाशी तेलाचे थेंब सोडा, तासभर थांबा, मग थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत न्या. फिरवल्यावर दांड्यापाशी पाणी झिरपायला लागलं तर घाबरू नका, तिथला दांड्याभोवतीचा नट (ग्लँड नट) पाव फेरा आवळला की बहुतेक वेळा थांबतं. पुन्हा उघडताना पूर्ण उघडून पाव फेरा मागे घ्या, म्हणजे तो टोकाला अडकून बसत नाही. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी एकदा फिरवत राहा.

सोलर असेल तर वेगळी काळजी. टाकीचा कॉक बंद केला तरी सोलरच्या टाकीतलं गरम पाणी नळाला काही वेळ येऊ शकतं, आणि दुपारी ते हात पोळेल एवढं कढत असतं. गरम पाण्याच्या लाइनचा कॉक वेगळा बंद करा. काचेच्या नळ्यांचं सोलर असेल आणि कामाच्या नादात ते रिकामं झालं, तर भर उन्हात त्यात गार पाणी सोडू नका. तापलेल्या नळ्या तडकतात. पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर भरा. घरात गिझर असेल तर पाणी बंद करायच्या आधी त्याचं बटण बंद. खाली हौद आणि त्यावर ऑटोमॅटिक मोटार असेल तर तिचाही मेन बंद करा, नाहीतर टाकी उतरल्याचं दिसताच मोटार चालू होऊन ती पुन्हा भरायला लागेल.

मीटरजवळचा कॉकही निरुपयोगी नाही बरं का. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये महापुराने उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचा पुरवठा बंद पडला. असं बंद पडून पुन्हा सुरू झालेलं पाणी सुरुवातीला गढूळ येऊ शकतं. तो कॉक आधी थोडासाच उघडून खालच्या डायरेक्ट नळाचं पाणी बादलीत बघायचं, स्वच्छ दिसलं की कॉक पूर्ण उघडून टाकीकडे सोडायचं, हे आमच्याकडे तेव्हापासून ठरलेलं आहे. त्या कॉकच्या पलीकडचं, म्हणजे रस्त्यातली चावी आणि मोठ्या लाइनला आपली जोडणी असते तिथलं फेरूल, हे महापालिकेचं. तिथे आपण हात घालायचा नाही. आपला कॉकच फिरत नसेल तर तो बदलायचं काम पाणी नसलेल्या वेळेत, माहीतगार प्लंबरकडूनच करून घ्या.

नळ अचानक तुटला आणि कॉक सापडतच नाही, अशी वेळ आली तर? बाथरूममध्ये बटणांचा बोर्ड असेल आणि पाणी उडत असेल तर आधी मेन स्विच पाडा. मग लाकडी खुंटीला फडकं गुंडाळून भोकात ठोका. पाणी पूर्ण थांबणार नाही, पण धार जाऊन नुसती गळती उरते आणि विचार करायला वेळ मिळतो. आटे शाबूत असतील तर अर्ध्या इंचाचा प्लग टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळायचा. तो प्लग हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. आमच्याकडे तो टेपसकट मीटरच्या खिळ्याला पिशवीत लटकवलेला आहे. वरचा कॉक मोडलाच असेल तर टाकीचं झाकण काढून आतून त्या पाइपच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा बसवतात. फडक्याला सुतळी बांधून तिचं दुसरं टोक टाकीबाहेर ठेवा, नाहीतर बोळा पाइपात ओढला जाईल आणि काढता येणार नाही.

काम झाल्यावर पाणी सोडताना कॉक हळूहळू उघडा. आधी खालच्या मजल्यावरचा एक नळ उघडा ठेवा म्हणजे पाइपातली हवा फसफसत निघून जाईल. लोखंडी पाइप असतील तर पहिल्यांदा तांबडं पाणी येईल, ते बाथरूममध्येच वाहू द्या, फिल्टरकडे जाऊ देऊ नका.

तुमच्या घरात टाकीखाली बाथरूमच्या लाइनला कॉकच नाही असं निघालं, तर नळ बदलायला येणाऱ्या प्लंबरलाच तिथे एक बॉल व्हॉल्व बसवायला सांगा. आदल्या रात्री टाकी भरू नका, सकाळी ती जवळजवळ रिकामी मिळाली की दोन्ही कामं एकाच खेपेत होतात. आणि तो कॉक घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या माणसांनासुद्धा, एकदा स्वतःच्या हाताने फिरवायला लावा. आमच्याकडे नळ तुटला तेव्हा मी योगायोगाने घरी होतो. आई एकटी असती तर तिला गच्चीवर नेमकं काय बंद करायचं हे ठाऊक नव्हतं. आज तिला अंधारातही तो कॉक सापडतो.