चांदणीनंतर कोणतं चिन्ह?

एकाच पानावर पाच तळटिपा आल्या आहेत, चांदणी (*) पहिलीलाच वापरून झाली, आता पुढे काय, असं तुम्ही विचारलंय.

छपाईत रुळलेला क्रम असा: *, †, ‡, §, मग ‖ आणि ¶. सहाही संपले की तीच चिन्हं जोडीनं: **, ††, ‡‡. पहिल्या चारांबद्दल फारसा वाद नाही, शेवटच्या दोघांची मात्र अदलाबदल होते. लाटेक (LaTeX) या पानं जुळवायच्या संगणकप्रणालीच्या मूळ रचनेत ¶ आधी येतं. तिथे एकूण नऊच चिन्हं आहेत. दहावी टीप आली की एरर देऊन काम अडतं. मला तर हा अडेलपणा रास्तच वाटतो. § पुढचं चिन्ह पाहून तळाशी नेमकी टीप शोधणं वाचकाला जड जातं. त्यामुळे पानागणिक पाच-पाच टिपा येत असतील तर सरळ आकडे घ्या. एखाद्याच पानावर गर्दी असेल तर दोन टिपा एकत्र करता येतात का ते आधी बघा.

चिन्हांची खरी जागा कोष्टकात आणि सूत्रांजवळ. १०³ नंतर टिपेचा आकडा वर चढवलात तर तो घातांकच वाटणार. पण सांख्यिकीच्या कोष्टकात *, **, *** ही सार्थकतेची पातळी (निष्कर्ष निव्वळ योगायोगाचा नाही याची खात्री) दाखवतात, तेव्हा तिथे टिपांना अक्षरं द्या. चिन्हं आडव्या ओळीनं, डावीकडून उजवीकडे लावत खाली उतरायचं, स्तंभाप्रमाणे नाही.

† जरा जपून. वंशावळीत ते मृत्यूची खूण आहे, जीवशास्त्रात नामशेष प्रजातीची. हयात लेखकाच्या नावापुढे टिपेसाठी म्हणून ते लावू नका! तसा त्याचा पूर्वेतिहासही संशयाचाच: इ.स.पू. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ग्रीक विद्वान अॅरिस्टार्कस होमरच्या काव्यातल्या शंकास्पद ओळींपुढे आडवी रेघ मारायचा, तिच्यापासून हे चिन्ह आलं असं मानतात. चांदणीही त्याच्या खुणांपैकीच.

खूण स्वल्पविराम किंवा पूर्णविरामानंतर येते, डॅशच्या मात्र आधी. बऱ्याच फॉन्टांत * मुळातच वर बसवलेली असते. तिला पुन्हा सुपरस्क्रिप्ट केलंत तर ठिपकाच उरतो.

आणि चिन्हं हातानं टाइप करू नका. ती प्रत्येक पानावर नव्यानं *पासून सुरू होतात. वरच्या पानावर दोन ओळी वाढल्या की सगळा क्रम कोलमडतो. वर्डमध्ये तळटिपांच्या पर्यायांत चिन्हांचा क्रम निवडा आणि क्रमांकन दर पानाला नव्यानं सुरू करायला सांगा.