स्पेनचा नाताळ बघायचाय? मग ६ जानेवारीपर्यंत थांबा

फक्त २५ डिसेंबर धरून तिकीट काढत असाल तर जरा थांबा. स्पेनमधली खरी धमाल ५ जानेवारीच्या संध्याकाळी असते. गावोगावी तीन राजांची (बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या) मिरवणूक निघते, रथांवरून गोड गोळ्यांची उधळण होते आणि पोरांबरोबर आजीआजोबाही वेचायला वाकतात. काही बिलंदर तर छत्री उलटी धरून उभे राहतात! पोरांना भेटवस्तू मिळतात ६ तारखेला, आणि त्याच दिवशी घरोघरी रोस्कोन कापतात. हा मधे भोक असलेला गोल, गोड पाव. आत एक इवलीशी मूर्ती आणि वालासारखा एक दाणा लपवलेला असतो. दाणा ज्याच्या वाट्याला येईल, त्याने रोस्कोनचे पैसे द्यायचे.

रोषणाईसाठी माझं मत दक्षिणेतल्या मालागा शहराला. लारिओस रस्त्यावर संगीताच्या तालावर दिवे नाचतात, थंडीही बेताची. शनिवार-रविवारी मात्र मुंगी शिरायला जागा नसते, मधल्या वारी जा. वायव्येकडच्या विगो शहराचा बोलबाला मोठा, दिवे नोव्हेंबरातच लागतात, पण तिथे पावसासाठी छत्री हवीच.

बार्सिलोनात कॅथेड्रलसमोरच्या सांता लुसिया बाजारात कागानेर शोधा: येशूजन्माच्या गव्हाणीच्या देखाव्यात कोपऱ्यात शौचाला बसलेल्या शेतकऱ्याची मूर्ती. बिनधास्त हसा, तिथले लोकही हसतात. हा बाजार नाताळाआधीच उठतो.

३१ डिसेंबरच्या मध्यरात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात घड्याळाच्या १२ ठोक्यांबरोबर १२ द्राक्षं खायची, बिनबियांची घ्या.

आणि २४च्या संध्याकाळी बरीच दुकानं, हॉटेलं लवकर बंद होतात. शाकाहारी असाल तर दुपारीच खाण्याची सोय करून ठेवा.