हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये पोटाला देतात तो ‘टॅप ब्लॉक’ धोक्याचा असतो का?

वडिलांना दोन्ही बाजूंना हर्निया, वजन ४५ किलो, आणि ब्लॉकची सुई आतड्यात तर जाणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. मी सोलापुरात भूलतज्ज्ञ आहे, हे ब्लॉक, म्हणजे पोटाच्या स्नायूंच्या थरांमध्ये भुलीचं औषध सोडणारी इंजेक्शनं, नेहमी देतो.

भीती अगदीच निराधार नाही. २००१ मध्ये ही पद्धत मांडली गेली तेव्हा कमरेच्या हाडाशी चाचपून, हाताला लागणाऱ्या अंदाजावर सुई घालत. त्यात यकृताला सुई लागल्याच्याही नोंदी आहेत. आता सोनोग्राफी लावतात. स्क्रीनवर तीन स्नायू एकाखाली एक दिसतात, औषध पडलं की खालचे दोन सुटे होऊन मधे काळा पट्टा उघडतो. पट्टा उघडला नाही तर मी सिरिंज पुढे दाबतच नाही.

मला जास्त काळजी औषधाच्या एकूण मात्रेची वाटते. बुपिव्हॅकेन, म्हणजे ब्लॉकमधलं भुलीचं औषध, किलोमागे साधारण २ मिलिग्रॅम धरतो, म्हणजे तुमच्या वडिलांना ९०. पाव टक्क्याचं औषध (एका मिलीत अडीच मिलिग्रॅम) दोन्ही बाजूंना २०-२० मिली दिलं तर झाले १००! म्हणून बारीक माणसाला ते कमी किंवा पातळ करूनच द्यावं लागतं. त्यात सर्जननेही जखमेत भुलीचं औषध मारलं, तर तेही याच हिशेबात. रक्तात जास्त गेलं तर ओठ-जीभ बधिर होते, कानात आवाज येतो, पुढे झटके, हृदयाचे ठोके बिघडणं. त्यावर उतारा म्हणून शिरेतून २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचं द्रावण) देतात, दुधासारखं पांढरं असतं. ते थिएटरमध्ये ठेवलंय का, हे बिनधास्त विचारा. चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण मनाने बंद करू नका.

कधी औषध मांडीच्या नसेपर्यंत झिरपतं आणि गुडघा लटपटतो. काही तासांत जोर परत येतो, पण आमच्याकडे नातेवाइकांना भारी घाई, “चला अण्णा, बाथरूमला जाऊन येऊ” म्हणून उठवतात आणि पेशंट खाली. सिस्टरने पेशंटला पाय उचलायला लावून बघितल्याशिवाय उठवू नका.

आणि ब्लॉकने पोटाची भिंत बधिर होते, आतलं दुखणं थांबत नाही. तेव्हा वेदनेच्या गोळ्या वेळेवर द्याच. रात्री उशिरा ब्लॉक उतरला की एकदम ठणका लागतो.