स्क्रीनकास्ट करताय? आधी आवाजाकडे बघा

स्क्रीनकास्ट म्हणजे मुलांना शिकवण्यासाठी बोलत बोलत केलेलं संगणकाच्या पडद्याचं रेकॉर्डिंग. पहिल्याच व्हिडिओसाठी महागडा कॅमेरा घ्यायच्या फंदात पडू नका. पडदा रेकॉर्ड करणारं ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरून उरतं. पैसे खर्चायचेच असतील तर माइकवर खर्चा. चित्र थोडं धूसर असलं तरी मुलं चालवून घेतात, घुमणारा आवाज मात्र त्यांना पिटाळून लावतो.

खरा कळीचा मुद्दा लांबीचा. २०१४ साली संशोधक फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारण ६ मिनिटांपुढे टिकत नव्हते. तेव्हा अख्खा तास रेकॉर्ड करून चढवू नका. एका व्हिडिओत एकच गोष्ट. समजा, स्प्रेडशीटमधलं सूत्र शिकवताय. अक्षरं मोठी करा, नोटिफिकेशन बंद करा, आणि सूत्र आयतं चिकटवू नका, समोर टाइप करा. एखादा स्वल्पविराम मुद्दाम गाळून एरर येऊ द्या आणि ती कशी शोधायची ते बोलत बोलत दाखवा. मुलं अडकतात ती नेमकी तिथेच. कर्सर उगाच गरागरा फिरवू नका. 'इथे क्लिक करा' न म्हणता बटणाचं नाव घ्या. मोबाइलवर बघणाऱ्याला 'इथे' म्हणजे कुठे ते कळत नाही.

स्लाइड वाचून दाखवण्यात काही अर्थ नाही. (मग स्लाइडच पाठवा की!) त्यापेक्षा मध्येच 'आता व्हिडिओ थांबवा, पुढची पायरी स्वतः करा' असं सांगा आणि वर्गात त्यावरच प्रश्न विचारा. सबटायटल आपोआप तयार होतात, पण पारिभाषिक शब्द एकदा नजरेखालून घालाच.